आयर्लंड १९२२-२३ : यादवीच्या दोन टोकांना दोन निवडणुका

१६ जून १९२२, शुक्रवार. डब्लिनमधील मतदार सकाळी मतदानाला निघाला, तेव्हा त्याच्या हातातील वर्तमानपत्रात देशाच्या नियोजित राज्यघटनेचा मसुदा छापलेला होता. ज्या घटनेवर अप्रत्यक्षपणे कौल द्यायचा, ती कौलाच्या दिवशीच त्याच्यासमोर आली. शहराच्या मध्यभागी, लिफी नदीच्या काठी, फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या भव्य वास्तूत सरकारला न मानणारे सशस्त्र सैनिक दोन महिन्यांपासून ठाण मांडून बसले होते. तरीही मतदान झाले. बारा दिवसांनी, २८ जूनच्या पहाटे, त्याच वास्तूवर तोफा डागल्या गेल्या आणि आयर्लंडमध्ये यादवीला तोंड फुटले.

आजचा धागा या निवडणुकीविषयी आणि चौदा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या निवडणुकीविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

पराभूत होणारा पक्ष निकाल मानेलच अशी खात्री नसताना मते मोजायची कशासाठी? यादवीत निवडणूक घेणाऱ्या प्रत्येक देशासमोर हा प्रश्न उभा राहतो. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. आयर्लंडची पहिली निवडणूक युद्ध टाळू शकली नाही आणि दुसरी निकोप वातावरणात झाली नाही. परंतु जी गोष्ट रणांगणावर कधीच ठरली नसती, ती या दोन मतमोजण्यांनी ठरवली: हरलेल्यांचे देशात नेमके वजन किती आहे, ही.

थोडी पार्श्वभूमी. १९१८च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. निवडून आलेले सदस्य लंडनला गेलेच नाहीत. त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद स्थापन केली. तिचे नाव डॉइल. पुढे अडीच वर्षे गनिमी युद्ध झाले, जुलै १९२१मध्ये शस्त्रसंधी झाली आणि ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तहावर सह्या झाल्या. तहाने आयर्लंडला कॅनडासारखा वसाहतीचा दर्जा मिळाला, स्वतःचे सैन्य आणि स्वतःची तिजोरी मिळाली. मात्र प्रजासत्ताक मिळाले नाही, उत्तरेकडील सहा परगणे बाहेर राहिले आणि संसद सदस्यांना ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणे भाग पडले.

आज आपल्याला वाटते की भांडण फाळणीवरून झाले असेल. प्रत्यक्षात डॉइलमधील त्या प्रदीर्घ चर्चेत फाळणीचा उल्लेख आश्चर्य वाटावे इतका कमी आहे. माणसे तुटली ती शपथेवरून. रणात पडलेल्या सहकाऱ्यांना स्मरून ज्या प्रजासत्ताकाशी आपण वचनबद्ध झालो, त्याचा त्याग करून राजाचे नाव उच्चारायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. ७ जानेवारी १९२२ रोजी मतदान झाले: तहाच्या बाजूने ६४, विरोधात ५७. अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा पायउतार झाले. आर्थर ग्रिफिथ अध्यक्ष झाले आणि मायकेल कॉलिन्स यांच्याकडे हंगामी सरकारची सूत्रे आली.

सात मतांचा फरक. आणि ही मते देणारे सदस्य तरी कसे निवडून आलेले? मे १९२१च्या निवडणुकीत दक्षिण आयर्लंडमधील सर्वच्या सर्व १२८ जागा बिनविरोध भरल्या गेल्या होत्या: १२४ शिन फेनच्या आणि ४ डब्लिनच्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या. मतपत्रिका छापण्याची वेळच आली नाही. म्हणजे तहाचा निवाडा करणाऱ्या सभागृहाला कोणी प्रत्यक्ष मत दिलेले नव्हते. जनतेला विचारणे आवश्यक होते, यावर तत्त्वतः तरी फारसे दुमत नव्हते. वाद होता तो केव्हा आणि कोणाला विचारायचे, याविषयी.

‘कोणाला’ हा प्रश्न आधी घेऊ, कारण इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुधा एका वाक्यात उरकला जातो. १९१८च्या कायद्याने पुरुषांना २१व्या वर्षी मताधिकार दिला होता, स्त्रियांना मात्र ३०व्या वर्षी, तोही मालमत्तेच्या अटीसह. १९१६च्या उठावाच्या जाहीरनाम्यात स्त्री-पुरुष सर्वांच्या मतांचा स्पष्ट उल्लेख होता. मार्च १९२२मध्ये केट ओ’कॅलहन यांनी डॉइलमध्ये ठराव मांडला की येत्या निवडणुकीपूर्वी २१ वर्षांवरील स्त्रियांना मताधिकार द्यावा. या बाईंचे पती मायकेल हे लिमरिकचे माजी महापौर. एक वर्षापूर्वी त्यांची राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली होती.

ग्रिफिथ यांनी ठरावाला विरोध केला. नव्या याद्या तयार करायच्या तर निवडणूक लांबेल आणि तह बुडवण्याचाच हा डाव आहे, असा त्यांचा आक्षेप होता. ठराव ३८ विरुद्ध ४७ मतांनी फेटाळला गेला. डॉइलमधील सर्व स्त्री सदस्यांनी तहाविरुद्ध मत दिले होते, तेव्हा ग्रिफिथ यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. परंतु गनिमी युद्धात निरोप पोहोचवणाऱ्या, शस्त्रे लपवणाऱ्या, तुरुंगात गेलेल्या हजारो तरुणींना त्या युद्धाच्या फलितावर बोलण्याचा अधिकार मिळाला नाही, हेही तितकेच खरे आहे. मला स्वतःला या प्रसंगात ग्रिफिथ यांची बाजू दुबळी वाटते.

‘केव्हा’ याविषयी तहविरोधकांचे म्हणणे असे होते की इंग्लंडची युद्धाची धमकी डोक्यावर असताना दिलेले मत हे स्वतंत्र मत नव्हे. डी व्हॅलेरा आणखी पुढे गेले. बहुमताला चूक करण्याचा अधिकार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे लागले. दरम्यान सैन्य दुभंगले. १४ एप्रिल रोजी रोरी ओ’कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर कोर्ट्स ताब्यात घेतले. त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की युद्धाची धमकी कायम असेपर्यंत या प्रश्नावर निवडणूक होऊ नये.

दोन सैन्ये, दोन्हींच्या अंगावर जवळपास तोच गणवेश, आणि दोन्ही स्वतःला तेच नाव लावणारी! बँका लुटल्या जात होत्या, छापखान्यांवर हल्ले होत होते. अशा वेळी २४ एप्रिल रोजी मजूर पक्ष आणि कामगार संघटनांनी ‘लष्करशाही’विरुद्ध एक दिवसाचा सार्वत्रिक संप पुकारला आणि तो देशभर कडकडीत पाळला गेला. हा संप लक्षात ठेवावा. निकाल वाचताना तो उपयोगी पडेल.

२० मे रोजी कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा यांनी सर्वांना चकित करणारा समझोता केला. शिन फेनच्या दोन्ही गटांनी परस्परांविरुद्ध न लढता एकच पॅनेल उभे करायचे. मावळत्या डॉइलमध्ये ज्या गटाचे जितके बळ, तितके त्याचे उमेदवार. निवडणुकीनंतर संयुक्त मंत्रिमंडळ: अध्यक्ष आणि संरक्षणमंत्री वगळता बहुमतवाल्यांचे पाच मंत्री, अल्पमतवाल्यांचे चार. पॅनेल हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे साखर कारखान्याच्या नाहीतर गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही गटांचे पुढारी एकत्र बसून जागा वाटून घेतात आणि ‘निवडणूक बिनविरोध झाली’ अशी बातमी येते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे ‘बिनविरोध’ न होण्याची किंमत रक्तात मोजावी लागणार होती.

लंडनमध्ये खळबळ माजली. चर्चिल तेव्हा वसाहतमंत्री होते. तहविरोधकांना मंत्रिमंडळात घेणे म्हणजे तहाचा भंग, ही त्यांची भूमिका होती. तिकडे कॉलिन्स यांची दुसरी आशा राज्यघटनेवर होती. मसुद्यात राजा आणि शपथ शक्य तितकी पुसट करायची, म्हणजे डी व्हॅलेरांच्या अनुयायांनाही ती गिळता येईल, असा त्यांचा विचार. ब्रिटिश सरकारने तो मसुदा परत पाठवला. राजाही आला आणि शपथही आली. ही ओढाताण मतदानाच्या तोंडापर्यंत चालली, म्हणूनच घटना थेट १६ जूनच्या सकाळी छापून आली. समझोत्याचा पायाच खचला होता. १४ जूनला कॉर्कमधील भाषणात कॉलिन्स यांनी लोकांना सांगितले की तुम्हाला जे उमेदवार सर्वांत योग्य वाटतात त्यांनाच मत द्या. हा समझोत्याचा भंग होता की केवळ सत्यकथन, यावर आयरिश इतिहासकार शंभर वर्षे वाद घालत आहेत.

परंतु समझोत्यात एक फट आधीपासूनच होती. शिन फेनबाहेरील कोणालाही उभे राहण्याची मुभा होती. आणि मतदानाची पद्धत होती एकल संक्रमणीय मताची. आपल्याकडे राज्यसभा आणि विधान परिषद यांच्या निवडणुकांत आमदार जसे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात, तसेच तिथे सामान्य मतदार लिहितो. सात जागांचा मतदारसंघ असेल तर एकूण वैध मतांच्या एक अष्टमांशाहून किंचित जास्त मते हा विजयाचा कोटा. कोट्याहून अधिक पडलेली मते पुढच्या पसंतीकडे वळतात आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही. दक्षिण आयर्लंडच्या मतदाराने सार्वत्रिक निवडणुकीत ही पद्धत प्रत्यक्ष वापरली ती प्रथम १९२२मध्येच, कारण १९२१ साली सारे बिनविरोध झाले होते.

या पद्धतीत पुढाऱ्यांचे पॅनेल मतदारावर पूर्णपणे लादता येत नाही. दोन्ही बाजूंच्या यादीतून वाटेल तो निवडावा, मध्येच एखादा शेतकरी पक्षाचा उमेदवार घालावा, आणि खाली पुन्हा पॅनेलकडे यावे, हे सारे एकाच मतपत्रिकेवर शक्य असते.

अपक्ष आणि इतर पक्षांच्या उमेदवारांनी माघार घ्यावी म्हणून दमदाटी झाली. काही मतदारसंघांत ती फळली आणि तिथे पॅनेल बिनविरोध निवडून आले. डॅरेल फिगिस या लेखक-राजकारण्याची कथा प्रसिद्ध आहे. ते डब्लिन परगण्यातून अपक्ष उभे होते. मतदानापूर्वी काही दिवस काही जण त्यांच्या घरात घुसले आणि त्यांनी त्यांची दाढी कापून टाकली. त्या सुबक तांबूस दाढीचा त्यांना मोठा अभिमान होता म्हणे. फिगिस सुमारे १५,००० मते घेऊन आपल्या मतदारसंघात पहिले आले.

आता निकाल. १२८ जागांपैकी तहवादी शिन फेन ५८, तहविरोधी शिन फेन ३६, मजूर पक्ष १७, शेतकरी पक्ष ७, अपक्ष आणि ट्रिनिटी विद्यापीठ मिळून १०. प्रथम पसंतीच्या मतांत तहवाद्यांना साधारण ३८ टक्के, तहविरोधकांना जेमतेम २२ टक्के, आणि मजूर पक्षाला २१ टक्के. मजूर पक्षाने उमेदवार उभे केले होते केवळ १८. त्यांपैकी १७ निवडून आले!

बऱ्याच ठिकाणी हा निकाल ‘७८ टक्के जनता तहाच्या बाजूने’ असा एका ओळीत सांगितला जातो. मला हे वाचन घाईचे वाटते. बिनविरोध मतदारसंघांतील लोकांना काय वाटत होते ते या आकड्यांत नाहीच. अनेक मतदारांनी समझोत्याचा मान राखून आपली पुढची पसंती पॅनेलमधील विरुद्ध गटाला दिली, आणि ती मिळाली नसती तर तहविरोधकांच्या जागा आणखी घटल्या असत्या. शिवाय मजूर पक्षाला मत देणारा कामगार तहाच्या प्रेमात होता असे मानायला आधार नाही. त्याला मजुरी, घरभाडे आणि बेकारी यांविषयी बोलणारा उमेदवार हवा होता. रस्त्यावरून बंदुका हटाव्यात, ही त्याची पहिली मागणी होती. एप्रिलचा संप आठवावा.

‘राजा की प्रजासत्ताक?’ हा पुढाऱ्यांचा प्रश्न होता. मतदानातून पाच जणांमागे दोघांनी सांगितले की आमचे प्रश्न निराळे आहेत. गॉलवेमध्ये फोर कोर्ट्सच्या नेत्यांपैकी लियम मेलोज पराभूत झाले. काउंटेस मार्केव्हिच डब्लिनमध्ये पराभूत झाल्या. बंदूकधाऱ्यांचा दावा होता की आम्ही ‘प्रजासत्ताकाचे’ रक्षक आहोत. त्या प्रजेने दिलेला हा पहिला मोजता येईल असा जबाब.

मग युद्ध का टळले नाही? निकाल पुरते जाहीर होतात न होतात तोच, २२ जूनला, लंडनमध्ये फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन यांची त्यांच्याच दारात दोन आयरिश तरुणांनी हत्या केली. ब्रिटिश सरकारने बोट दाखवले ते फोर कोर्ट्सकडे. तिथला तळ उठवा, नाहीतर आम्ही उठवू, असा दबाव आला. २७ जूनला फोर कोर्ट्सच्या सैनिकांनी सरकारी सैन्याच्या एका सेनापतीचे अपहरण केले. दुसऱ्या दिवशी पहाटे कॉलिन्स यांच्या सैन्याने ब्रिटिशांकडून घेतलेल्या तोफांनी मारा सुरू केला. निवडणुकीतून कॉलिन्स यांना कौल मिळाला होता, पण तोफ डागण्याचा क्षण मात्र लंडनने निवडला, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही.

इथे दोन ओळी विषय सोडून. फोर कोर्ट्सच्या आवारातच आयर्लंडचे सार्वजनिक दप्तरखाने होते. ३० जूनला तिथे प्रचंड स्फोट झाला आणि सात शतकांची कागदपत्रे जळाली. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळपास सर्व मूळ कागद, मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदवह्या, सारे गेले. अर्धवट जळालेले कागद शहरभर उडत होते. पेशवे दप्तरातील एखादा रुमाल सोडून मोडी कागद ज्याने एकदा तरी हाताळला आहे, त्याला हे वाचताना पोटात खड्डा पडल्याशिवाय राहणार नाही. २०२२ साली, बरोबर शंभर वर्षांनी, ट्रिनिटी महाविद्यालयाच्या पुढाकाराने जगभरातील नकलांतून जमवलेले या दप्तरखान्याचे संगणकीय रूप खुले झाले.

निवडून आलेली डॉइल १ जुलैला भरायची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि भरली ती ९ सप्टेंबरला. तोवर ग्रिफिथ यांचे १२ ऑगस्टला आजाराने निधन झाले होते आणि २२ ऑगस्टला बेअल ना ब्लाह येथील दबा धरून केलेल्या हल्ल्यात कॉलिन्स मारले गेले होते. विल्यम कॉसग्रेव्ह अध्यक्ष झाले. तहविरोधकांपैकी एकटे लॉरेन्स गिनेल सभागृहात आले. ही आयर्लंडची डॉइल आहे की फाळणी झालेली संसद, असे ते विचारत राहिले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. विरोधी बाकांवर उरला तो थॉमस जॉन्सन यांचा मजूर पक्ष. एका मोठ्या अर्थाने आयरिश संसदीय विरोधाची परंपरा या सतरा जणांनी त्या हिवाळ्यात जिवंत ठेवली.

त्यांना ती ठेवावी लागली, कारण सप्टेंबरच्या अखेरीस डॉइलने लष्करी न्यायालयांना देहदंडाचा अधिकार दिला. १७ नोव्हेंबरला शस्त्र बाळगल्याबद्दल चार तरुणांना गोळ्या घालण्यात आल्या. उत्तरादाखल तहविरोधी सेनाप्रमुख लियम लिंच यांनी आदेश काढला की या ठरावाला मत देणाऱ्या संसद सदस्यांना ठार करावे. संसदेत हात वर करणे हा आता प्राणाशी खेळ झाला. ७ डिसेंबरला शॉन हेल्स हे सदस्य डब्लिनच्या रस्त्यात गोळी लागून मरण पावले. त्यांचे सख्खे बंधू टॉम तहविरोधी सैन्यात होते, आणि कॉलिन्स ज्या हल्ल्यात पडले त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

दुसऱ्याच सकाळी सरकारने रोरी ओ’कॉनर, लियम मेलोज, जो मॅककेल्व्ही आणि डिक बॅरेट या चार कैद्यांना कोणताही खटला न चालवता गोळ्या घातल्या. हेल्स यांच्या हत्येच्या वेळी हे चौघे पाच महिन्यांपासून तुरुंगात होते. निर्णयाला संमती देणाऱ्या मंत्र्यांत केव्हिन ओ’हिगिन्स होते. वर्षभरापूर्वी त्यांच्या लग्नात पाठराखा म्हणून शेजारी उभे राहिले होते ते हेच रोरी ओ’कॉनर. जॉन्सन यांनी सभागृहात सरकारचा अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला. युद्ध संपेपर्यंत सरकारने दिलेल्या देहदंडांची संख्या लोकस्मृतीत ७७ अशी रुजली आहे. आजच्या मोजणीत ती ८१ भरते.

एप्रिल १९२३मध्ये लिंच मारले गेले. त्यांच्या जागी आलेले फ्रँक एकेन यांनी आधी गोळीबार थांबवला आणि २४ मे रोजी शस्त्रे लपवून ठेवण्याचा आदेश दिला. शरणागती नव्हे, तह नव्हे, वाटाघाटी नव्हेत. फक्त बंदुका जमिनीत पुरल्या गेल्या. अलीकडच्या मोजणीनुसार सुमारे दीड हजार माणसे या अकरा महिन्यांत गेली. सुमारे १२,००० तहविरोधक तुरुंगांत आणि छावण्यांत होते. आणि याच स्थितीत कॉसग्रेव्ह सरकारने २७ ऑगस्टला सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली.

युद्ध संपल्यानंतरची निवडणूक म्हणून हिला बाजूला ठेवता येत नाही. जुलैमध्ये नोएल लेमास या तहविरोधी अधिकाऱ्याचे डब्लिनमध्ये दिवसाढवळ्या अपहरण झाले. त्याचा मृतदेह ऑक्टोबरमध्ये डोंगरात सापडला. ऑगस्टच्या आरंभी खटल्याशिवाय स्थानबद्ध ठेवण्याचा कायदा घाईने संमत झाला. तहविरोधकांच्या प्रचार कचेऱ्यांवर छापे पडत होते. १५ ऑगस्टला डी व्हॅलेरा क्लेअर परगण्यातील एनिस गावी भाषणाला उभे राहिले. सैनिकांनी गोळीबार करून सभा उधळली आणि त्यांना पकडले. पुढचे जवळजवळ वर्षभर ते तुरुंगात होते. मतमोजणी झाली तेव्हा त्यांना साडेसतरा हजारांहून अधिक मते होती, आणि सरकारचे मंत्री इऑन मॅकनील यांना आठ हजारांच्या आसपास.

या निवडणुकीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९२३च्या निवडणूक कायद्याने २१ वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना समान मताधिकार दिला. ब्रिटनमधील स्त्रियांना त्यासाठी आणखी पाच वर्षे थांबावे लागले. केट ओ’कॅलहन यांचा फेटाळलेला ठराव साधारण वर्षभराने असा कायदा झाला. तोतया मतदानाविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. तोतयांची कीर्ती पानिपतानंतरच्या पुण्याइतकीच डब्लिनलाही होती. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांच्याशी कालपर्यंत युद्ध चालले होते त्या पक्षावर बंदी घातली गेली नाही. तुरुंगातल्या माणसाचे नाव मतपत्रिकेवर छापले गेले, त्याची मते मोजली गेली, आणि तो निवडून आला तर तसे जाहीर केले गेले.

डॉइलच्या जागा आता १५३ होत्या. कॉसग्रेव्ह यांच्या नव्या कुमन ना गेल पक्षाला ३९ टक्के मते आणि ६३ जागा. तहविरोधकांना २७ टक्के मते आणि ४४ जागा. शेतकरी १५, मजूर १४, उरलेले १७. दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. युद्ध जिंकलेल्या पक्षाचा सभागृहातील वाटा ४५ टक्क्यांवरून ४१वर उतरला. युद्ध हरलेल्यांचा वाटा २८च्या आसपास होता तिथेच राहिला, आणि मते तर २२ टक्क्यांवरून २७वर गेली. ८१ देहदंड आणि १२,००० कैदी यांनी तहविरोधकांचे एकही टक्का वजन कमी केले नव्हते. पण चार मतदारांमागे तिघे आजही त्यांच्याबरोबर नाहीत, हेही त्यांना तितक्याच स्पष्टपणे दिसले.

माझ्या मते १९२३चे महत्त्व इथे आहे. आपण जिंकलो म्हणजे विरोधक संपले, असे सरकारला म्हणता येईना. आपणच खरे राष्ट्र आहोत, असे तहविरोधकांनाही म्हणता येईना. बंदुकीने हा हिशेब कधीच इतका नेमका दिला नसता.

त्या सभागृहातील दोन स्त्रियांची नावे मला नेहमी आठवतात. एक मार्गारेट कॉलिन्स-ओ’ड्रिस्कॉल, मायकेल कॉलिन्स यांची बहीण. दुसऱ्या कॅटलीन ब्रुगा, युद्धाच्या आरंभीच्या दिवसांत डब्लिनमध्ये गोळी लागून मरण पावलेल्या काहल ब्रुगा यांची पत्नी. दोघी एकाच निवडणुकीत निवडून आल्या. मार्गारेट आसनावर बसल्या. कॅटलीन यांचे आसन रिकामे राहिले, कारण तिथे पोहोचण्यासाठी शपथ घ्यावी लागत होती.

सर्व ४४ आसने रिकामीच राहिली. त्याचा एक विचित्र परिणाम झाला: १०९ जणांच्या उरलेल्या सभागृहात कॉसग्रेव्ह यांच्या ६३ जागा हे आरामाचे बहुमत ठरले. बहिष्काराने सरकार पाडता येत नाही, उलट ते मजबूत होते, हे डी व्हॅलेरांना कळायला तीन वर्षे लागली. १९२६मध्ये त्यांनी फियाना फॉल हा नवा पक्ष काढला. जुलै १९२७मध्ये केव्हिन ओ’हिगिन्स यांची चर्चला जाताना हत्या झाली. सरकारने कायदा केला की निवडून आल्यास शपथ घेण्याचे वचन दिल्याशिवाय उमेदवारी नाही. ऑगस्टमध्ये डी व्हॅलेरा आणि त्यांचे सहकारी डॉइलमध्ये आले. ही शपथ नव्हे, केवळ नोंदवहीतील सही आहे, असे म्हणत त्यांनी सही केली. ज्या शब्दांसाठी यादवी झाली, त्यांच्यापुढे ती वही पाच मिनिटांत मिटली गेली.

फेब्रुवारी १९३२च्या निवडणुकीत फियाना फॉलला ७२ जागा मिळाल्या. ९ मार्चला नवी डॉइल भरली, तेव्हा सैन्य सत्ता हातची जाऊ देणार नाही अशा अफवा होत्या. काही नव्या सदस्यांच्या खिशात पिस्तुले होती, असे सांगितले जाते. पिस्तुले खिशातच राहिली. मजूर पक्षाच्या पाठिंब्याने डी व्हॅलेरा ८१ विरुद्ध ६८ मतांनी निवडले गेले आणि कॉसग्रेव्ह यांनी सत्ता सोपवली. नवे संरक्षणमंत्री तात्काळ डब्लिनच्या आर्बर हिल तुरुंगात जाऊन तिथल्या तहविरोधी कैद्यांना भेटले, आणि त्या कैद्यांची सुटका झाली. हे संरक्षणमंत्री म्हणजे फ्रँक एकेन. मे १९२३मध्ये शस्त्रे पुरण्याचा आदेश ज्यांच्या सहीने निघाला होता, ते. ज्या सैन्याविरुद्ध ते लढले होते, त्या सैन्याचे अधिकारी आता त्यांना सलाम करत होते.